दुसऱ्या गोलरक्षकाच्या आईस

मूळच्या सांगलीच्या आणि गेली अनेक वर्षे ओंटारियोत राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

"माझा मुलगा २४ वर्षांचा असून आइस हॉकीत गोलरक्षक आहे. उंची पाच फूट अकरा इंच. ओएचएलमध्ये, म्हणजे ओंटारियोच्या कुमार खेळाडूंच्या लीगमध्ये, तो चार हंगाम खेळला, मग इथल्याच एका विद्यापीठात वाणिज्य शाखेची दोन वर्षे पूर्ण केली आणि पदवी अर्धी सोडून अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका ईसीएचएल (खालच्या पायरीची व्यावसायिक लीग) संघात गेला. हा त्याचा तिथला दुसरा हंगाम. गेल्या वर्षी संघाने त्याला मध्येच मोकळे केले, काही आठवड्यांनी दुसऱ्या संघाने घेतले. यंदा तो बहुतेक सामने बाकावरच बसून असतो. त्याच्या खुब्यात दुखते, हे त्याने मला सांगितले आहे, वडिलांना आणि संघालाही नाही. पगार पुरत नाही म्हणून मी यजमानांना न सांगता दरमहा पैसे पाठवते. यजमान म्हणतात, आता पुरे, परत येऊन शिक्षण पूर्ण कर. मुलगा म्हणतो, अजून एक वर्ष द्या, टिम थॉमसला बघा, बिनिंग्टनला बघा. मंडळाच्या गणपतीत लोक विचारतात की तो नोकरी काय करतो, आणि मला उत्तर सुचत नाही. तो खरोखर तेवढा चांगला आहे का? मी त्याला आवरावे की पाठीशी उभे राहावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तो तेवढा चांगला आहे का, ही शंका तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा डोकावते. ओएचएलमध्ये चार हंगाम टिकलेला आणि नंतर एका व्यावसायिक संघाने पगार देऊन ठेवलेला मुलगा चांगला आहेच. लहानपणी त्याच्याबरोबर पॅड बांधणाऱ्या मुलांपैकी फारच थोडी इथवर पोहोचली असतील. अडचण त्याच्या गुणवत्तेत शोधण्याआधी जागा किती आहेत ते मोजून पाहा. सर्वांत वरच्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ साधारणपणे दोन गोलरक्षक बाळगतो, म्हणजे साऱ्या जगातल्या गोलरक्षकांसाठी ६४ जागा. त्याखालच्या एएचएलमध्येही ३२ संघ आहेत, परंतु तिथल्या बहुतेक जागा एनएचएल क्लबांनी आधीच करारबद्ध केलेल्या मुलांकडे जातात. तिसऱ्या पायरीवर ईसीएचएल, तिथे सुमारे तीस संघ. नवा फॉरवर्ड कसा आहे हे पाहायचे असेल तर प्रशिक्षक त्याला चौथ्या फळीत पाच-सात मिनिटे खेळवून पाहू शकतो. गोलरक्षकाच्या बाबतीत अशी सोय नसते. एक जण साठ मिनिटे उभा राहतो आणि दुसरा टोपी घालून बाकाच्या दाराशी बसून खेळाडूंसाठी दार उघडतो.

सांगलीच्या नातेवाइकांना हे यष्टिरक्षकाच्या उदाहरणाने लगेच कळेल. चंद्रकांत पंडित मुंबईचे उत्तम यष्टिरक्षक होते, पण त्यांच्या वाट्याला पाचच कसोटी सामने आले, कारण त्या काळात भारताचे ग्लोव्हज मुख्यतः किरण मोरे यांच्या हातात होते आणि मोरे ४९ कसोटी खेळले. पंडितांच्या अंगी काय कमी होते, असा प्रश्न कोणी विचारत नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी करंडक जिंकून दिला.

म्हणून मुलाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, त्याच्या जोडीचा गोलरक्षक कोणाच्या करारावर आहे. ईसीएचएलमधील बहुतेक संघ वरच्या क्लबांशी जोडलेले असतात आणि वरचा क्लब आपल्या करारातला एखादा तरुण गोलरक्षक सामने मिळावेत म्हणून खाली पाठवतो. त्या मुलाचा पगार वरून येतो, त्याच्या प्रगतीचे अहवाल वर जातात, आणि त्याला नियमित खेळवले जावे अशी अपेक्षा असते. तुमच्या मुलाचा करार थेट ईसीएचएल संघाशी असेल, तर सरावात तो कितीही चांगला ठरला तरी आठवड्याच्या तीन सामन्यांतला एखादाच त्याच्या वाट्याला येईल, आणि तोही बहुधा सलग तिसऱ्या रात्रीचा, बसचा प्रवास करून आल्यानंतरचा. त्याला मध्येच मोकळे केले गेले त्याचे कारणही पुष्कळदा असेच असते. वर कोणी जखमी होतो, एएचएलचा गोलरक्षक वर जातो, ईसीएचएलचा एएचएलमध्ये जातो. काही दिवसांनी जखमी खेळाडू बरा होतो आणि तीच साखळी उलटी फिरून सगळ्यात खालच्याला बाहेर ढकलते. ईसीएचएलचे करार आठवड्याच्या पगाराचे असतात आणि हंगामभराची हमी देत नाहीत. त्या ढकलण्याला तुमच्या मुलाने स्वतःच्या खेळावरचा निकाल मानू नये, आणि त्याच्या वडिलांनीही मानू नये.

आता टिम थॉमस आणि जॉर्डन बिनिंग्टन. मुलाने ही नावे सांगितली हे स्वाभाविक आहे, पण ती त्याच्या बाजूने जितकी बोलतात तितकीच विरुद्धही बोलतात, हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. थॉमस व्हरमाँट विद्यापीठात चार वर्षे खेळले, १९९४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल क्लब तरुण खेळाडूंना क्रमाने निवडतात त्यात) २१७ व्या क्रमांकावर निवडले गेले, ईसीएचएलच्या बर्मिंगहॅम संघाकडून मोजके सामने खेळले आणि लवकरच फिनलंडला गेले. एनएचएलच्या बोस्टन संघाचे नियमित गोलरक्षक होईपर्यंत त्यांची तिशी उलटली होती. २०११ मध्ये, ३७ व्या वर्षी, त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, आणि बादफेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी जिंकली. ही गोष्ट चिकाटीची आहे यात शंका नाही. मात्र मधली वर्षे त्यांनी ईसीएचएलच्या बाकावर काढली नाहीत. जिथे दर आठवड्याला गोलपुढे उभे राहायला मिळेल तिथे ते गेले, मग ते हेलसिंकी का असेना. बिनिंग्टन यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. सेंट लुईसने त्यांना २०११ मध्येच तिसऱ्या फेरीत निवडले होते. कॅलमाझूच्या ईसीएचएल संघात ते खेळले ते क्लबने पाठवले म्हणून. जानेवारी २०१९ मध्ये त्यांना एनएचएलच्या सामन्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळाले, तेव्हा संघ तळाशी होता आणि जूनमध्ये त्याच संघाने स्टॅनली कप जिंकला. पण क्लबने त्यांच्यावर आधीची सात-आठ वर्षे गुंतवणूक केलेली होती. रेडिंगमध्ये खेळलेले जोनाथन क्विक आणि साउथ कॅरोलिनात खेळलेले ब्रेडन होल्टबी हेही असेच ड्राफ्टमधून आलेले. ईसीएचएल हा त्यांच्या जिन्यातला एक टप्पा होता, आणि वरून हात धरायला कोणी तरी उभे होते. तुमच्या मुलाचा हात सध्या कोणी धरलेला नाही. त्याने घाबरावे म्हणून मी हे लिहीत नाही. त्याने स्वतःची तुलना योग्य माणसांशी करावी एवढ्यासाठी लिहिते. ड्राफ्ट न झालेले, ईसीएचएलच्या करारावरचे, चोविशीतले गोलरक्षक पुढे कुठे गेले, याची यादी त्याने स्वतः काढावी. सगळ्यांच्या कारकिर्दीचे आकडे उपलब्ध असतात आणि ते काढायला एक संध्याकाळ पुरेल.

उंचीचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो लहान नाही. क्लबांना हल्ली सव्वासहा फुटांच्या आसपासचे गोलरक्षक आवडतात; सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोल गुडघ्यांवर बसून झाकायचा, तर मोठ्या अंगाचा उपयोग होतो. नॅशव्हिलचे युसे सारोस तुमच्या मुलाएवढेच उंच आहेत, आणि २०१९ मध्ये २१४ व्या क्रमांकावर निवडलेले डस्टिन वुल्फ सहा फुटांचे असून २०२२-२३ मध्ये एएचएलचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. उंची कमी असली की क्लब पुरावा मागतात. वुल्फ यांनी एएचएलमध्ये हंगामामागून हंगाम सामने खेळून तो पुरावा दिला. बाकावर बसून पुरावा तयार होत नाही, आणि माझ्या मते तुमच्या मुलाच्या सध्याच्या स्थितीतली सर्वांत मोठी अडचण हीच आहे. खालच्या लीगमध्ये आहे ही नव्हे, तिथेही त्याला खेळायला मिळत नाही ही.

तेव्हा 'अजून एक वर्ष' या मागणीला हो किंवा नाही म्हणण्याऐवजी, कुठले वर्ष, असे त्याला विचारा. उन्हाळ्यात एखाद्या एएचएल संघाने त्याला हंगामाचा करार दिला, तर त्याने नक्की जावे, मग त्यातला बराच काळ ईसीएचएलमध्ये गेला तरी हरकत नाही, कारण मग वरून हात धरणारे कोणी तरी असेल. एएचएलचा पीटीओ, म्हणजे पंचवीस सामन्यांचा चाचणी करार, ही आनंदाची गोष्ट असली तरी ती निवड नव्हे. कोणाच्या तरी दुखापतीपुरती ती सोय असते. तिसरा मार्ग म्हणजे जिथे तो पहिला गोलरक्षक असेल अशी जागा, मग ती ईसीएचएलमधल्या एखाद्या दुबळ्या संघात असो किंवा युरोपात. युरोपातल्या बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, आणि ज्या क्लबने त्यातली एक जागा गोलरक्षकावर खर्च केली तो त्याला बाकावर बसवण्यासाठी बोलावत नाही. ब्रिटनच्या एलिट लीगमधील काही क्लबांची स्थानिक विद्यापीठांशी व्यवस्था असते. खेळाडू खेळता खेळता पदव्युत्तर शिक्षण घेतो. त्यासाठी आधी पदवी लागते, आणि ती त्याने अर्धी सोडलेली आहे. यांपैकी काहीही ऑगस्टअखेरपर्यंत हाती आले नाही आणि फक्त बाकावरची तीच जागा पुन्हा देऊ केली गेली, तर त्याने सप्टेंबरमध्ये विद्यापीठात परतावे असे मला स्पष्टपणे वाटते. हे तुम्ही त्याच्यावर लादू नका. ही मुदत आणि या अटी त्याने स्वतः लिहून काढाव्यात आणि आताच काढाव्यात, कारण ऑगस्टमध्ये फोन वाजेल या आशेवर बसलेला माणूस ऑगस्टमध्ये नीट विचार करू शकत नाही.

खुब्याचे दुखणे मात्र ऑगस्टपर्यंत थांबू शकत नाही. आजचे गोलरक्षण हे गुडघे आत वळवून, पाय बाहेर फाकवून बर्फावर बसण्याच्या पद्धतीवर उभे आहे, आणि त्या हालचालीत मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत वारंवार अशा कोनात फिरते की हाडाची कड खोबणीच्या काठावरील कूर्चेला घासू लागते. गोलरक्षकांमध्ये हा आजार चांगलाच परिचित आहे. वेळीच निदान झाले तर व्यायामाने किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पुष्कळ जण पुन्हा खेळतात, आणि दुर्लक्ष केले तर चाळिशीत जिना चढताना त्रास होऊ शकतो. दुखणे सांगितले तर जागा जाईल, या भीतीने तो गप्प आहे, आणि ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण न सांगण्याची किंमत त्याला बहुधा माहीत नाही. खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च आणि भरपाई मिळण्यासाठी ती दुखापत वेळेत नोंदवलेली असणे महत्त्वाचे ठरते. अमेरिकेत याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. संघाने मोकळे केल्यानंतर 'डिसेंबरपासून दुखत होते' असे म्हणून फारसा उपयोग होत नाही. एएचएल आणि ईसीएचएलच्या खेळाडूंची एक संघटना आहे, तिचे मुख्य कार्यालय ओंटारियोतच, नायगरा फॉल्सला आहे, आणि मुलगा तिची वर्गणी भरतो. या आठवड्यात त्याने तिथे फोन करून आपल्या राज्यातले नियम विचारावेत आणि मग संघाच्या ट्रेनरला लेखी कळवावे. वडिलांनाही त्यानेच सांगावे, तुमच्या तोंडून नको.

शिक्षणाबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे त्याला शिष्यवृत्तीचा काही हक्क मिळालेला असणार, आणि विद्यापीठातल्या दोन वर्षांत तो सगळा वापरला गेला नसावा. हा हक्क ठरावीक मुदतीनंतर किंवा व्यावसायिक करार केल्यावर संपू शकतो. त्याच्या मूळ करारात नेमके काय लिहिले आहे ते शोधून काढा, आणि कागद सापडत नसेल तर जुन्या संघाला विचारा. दुसरी गोष्ट अशी की, बाकावर बसणाऱ्या गोलरक्षकाकडे वेळ असतो. सकाळचा सराव संपल्यावर दुपार मोकळी असते, बसमध्ये रात्री जातात, आणि खेळाडूच्या व्हिसावर त्याला तिथे दुसरे काम करण्याची मुभा नसते. त्याच्या विद्यापीठात दूरस्थ पद्धतीने घेता येणारे विषय असतील, तर जानेवारीच्या सत्रात एक विषय घ्यायला कोणाचीच हरकत असू नये. तो जर एक विषयही घ्यायला तयार नसेल, तर मात्र मला थोडी काळजी वाटेल, कारण मग हे खेळावरचे प्रेम कमी आणि परत येण्याची लाज जास्त असण्याची शक्यता आहे. (जाता जाता: ओंटारियोचा आरोग्य विमा टिकवण्यासाठी बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात राहावे लागते. सप्टेंबरअखेर जाऊन एप्रिलनंतर परतणाऱ्याचा हा हिशेब काठावरच बसतो. बाहेर नोकरी करणाऱ्यांसाठी सवलत आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.)

पुढे काय, याबद्दल तुमच्या मनात जे चित्र आहे ते बहुधा बँकेतल्या नोकरीचे आहे, आणि त्यात वाईट काही नाही. शिकागोच्या संघात २९ मार्च २०१८ रोजी दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले तेव्हा स्कॉट फॉस्टर नावाचे ३६ वर्षांचे हिशेबनीस गोलपुढे उभे राहिले आणि विनिपेगचे सातही फटके अडवून दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाकडे वळले. वाणिज्य शाखेच्या मुलाला ही गोष्ट सांगायला हरकत नाही. पण आणखी एक वाट आहे, ती अधिक गंभीरपणे विचारात घेण्यासारखी आहे. गोलरक्षकांना शिकवणे हा आता स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि त्यात नाव कमावण्यासाठी स्वतः एनएचएलमध्ये खेळलेले असावे लागत नाही: विख्यात गोलरक्षक पॅट्रिक रॉय यांना घडवणारे फ्रान्स्वा अलेअर तिथे कधी खेळले नव्हते, आणि हाशेक, रिने, होल्टबी अशा नामवंत गोलरक्षकांबरोबर काम केलेले मिच कॉर्न हेही नाही. ओंटारियोत उन्हाळाभर गोलरक्षकांची शिबिरे चालतात. यंदाच्या मे-जूनमध्ये त्याने त्यांपैकी एका ठिकाणी काम करावे. पैसे मिळतील, आणि शिकवणे आपल्याला आवडते की नाही हेही त्याला कळेल. कॉर्न आणि अलेअर या दोघांनाही सुरुवातीला ते असेच कुठे तरी कळले असणार.

मंडळातल्या प्रश्नाला उत्तर सोपे आहे. 'अमेरिकेत व्यावसायिक आइस हॉकी खेळतो, गोलरक्षक आहे', एवढे म्हणून पुढच्या ताटाकडे वळावे. पगार किती, असे कोणी विचारलेच, तर त्यांच्या मुलाचा किती, असे विचारण्याचा मोह मात्र आवरा.

तुमच्या यजमानांबद्दल मला तुमच्याहून थोडे वेगळे वाटते. पत्रात ते कठोर वाटतात, पण त्यांना खुब्याचे माहीत नाही, पैशांचे माहीत नाही, करार आठवड्याचा असतो हेही कदाचित माहीत नाही. अर्ध्या माहितीवर माणूस एवढेच म्हणू शकतो की आता पुरे. त्यांच्या म्हणण्यातला शिक्षणाचा भाग बरोबर आहे, आणि मुलाला तो बरोबर वाटत नसेल तर त्याचे एक कारण असे की, घरात एक जण नाही म्हणतो आणि दुसरा गुपचूप पैसे पाठवतो, तेव्हा मुलाला कोणाचेच पूर्ण ऐकावे लागत नाही. पाठवलेल्या पैशांची गोष्ट यजमानांना तुम्हीच सांगा, आणि मुलाच्या फोनची वाट न पाहता आधी सांगा. थोडा वाद होईल.

पैसे एकदम बंद करू नका. हंगामात राहण्याची सोय संघ करतो, पगार ऑक्टोबर ते एप्रिलपुरताच असतो, आणि काही शे डॉलरच्या आठवड्यात जेवण, फोन आणि गाडीचा हप्ता भागवताना त्याची खरोखर ओढाताण होत असणार. पण हे पैसे सध्या एका अनिश्चित स्थितीला टेकू देतात आणि ती स्थिती आहे तशीच चालू राहते. या हंगामाच्या शेवटपर्यंत, यजमानांच्या संमतीने, पाठवत राहा आणि एप्रिलनंतर ती रक्कम बंद होईल हे त्याला आताच सांगा. त्यानंतर त्याने कुठलाही मार्ग निवडला, एएचएलचा, युरोपचा किंवा विद्यापीठाचा, तरी उरलेल्या पदवीची फी तुम्ही दोघे मिळून भराल असेही त्याच फोनवर सांगा. ती थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा, आणि पावती यजमानांच्या नावाने घ्या.